छातीतलं पाणी काढून घरी आल्यावर

डॉक्टरांनी पाठीतून सव्वा लिटर पाणी काढलं. पुढं उशीवर हात टेकून बसायचं आणि खोकायचं नाही, एवढंच माझं काम. पाणी करडईच्या तेलासारखं पिवळं होतं. नंतर एक्स-रे काढून संध्याकाळी घरी सोडलं.

त्या रात्री खोकल्याची उबळ थांबेना. दबलेलं फुप्फुस फुलू लागलं की खोकला येतो, हे आधी सांगितलं होतं, तरी पोटात गोळा आलाच. ‘अहो, रिक्षा बोलावू का?’ बायको सारखी विचारत होती. दम एकदम वाढला, छातीत कळ आली, ताप चढला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर तडक निघायचं होतं. तसं काही नव्हतं. उशी छातीशी घट्ट धरून खोकलं की कमी दुखतं, हे मला पहाटे उमगलं.

चार-पाच दिवस तीन उशा रचून टेकूनच झोपलो. फुप्फुसाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायचा, तर पहिल्या दिवशी एकच चेंडू हलला. शेंगाचटणीचा ठसका सोसवेना, म्हणून कडक भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

मग रिपोर्ट आला. पाण्यातलं एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) वाढलेलं, टीबीचं निदान, सहा महिने गोळ्या. आईनं त्याच दिवशी माझं ताट-तांब्या वेगळं मांडलं. तिचा राग नाही आला. तिच्या लहानपणी वाड्यात टीबीनं माणसं गेलेली तिनं पाहिलीत. पण लेकीला माझ्याजवळ येऊ देईना, ते फार लागलं. पुढच्या खेपेला आईलाच सोबत नेलं. डॉक्टरांनी तिला समजावलं: हा आजार फुप्फुसाच्या आवरणात आहे, थुंकीत जंतू नाहीत, आणि ताटावाटीनं तर टीबी पसरतच नाही. घरी येऊन तिनं काही न बोलता ताट आमच्यात आणून ठेवलं.

गोळ्यांनी लघवी केशरी होते, त्याला घाबरू नका. टीबीच्या रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात. माझे अंडी-डाळीला जातात.

यंदा गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, गेलो नाही. सातही नंदीध्वजांची मिरवणूक लेकीनं मोबाइलवर दाखवली. यात्रेतला ‘हर्र’चा गजर करायला गेलो तर अर्ध्यात दम लागला. लेकीनं माझ्या वाटचं मोठ्यानं म्हटलं आणि चेंडूंचं यंत्र माझ्या हातात दिलं.