एकोणिसावी निवड

वाशीच्या हॉलमधला फुटबॉलचा तो ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने एकेक खेळाडू निवडायची बैठक, होऊन बरेच दिवस झाले, तरी एकोणिसावी निवड डोक्यातून जात नाही.

आठ संघ होते, चिठ्ठीत आमचा क्रमांक तिसरा निघाला. पहिली फेरी एक ते आठ, दुसरी उलटी आठ ते एक, तिसरी पुन्हा सुलट. म्हणून आमच्या वाट्याला ३, १४, १९ आणि ३० या निवडी आल्या. १४ आणि १९ च्या मध्ये चारच खेळाडू जातात. १९ आणि ३० च्या मध्ये दहा. चौदाव्याला एखाद्याला पुढच्या निवडीसाठी मागे ठेवायचा धोका पत्करता येतो, एकोणिसाव्याला अजिबात नाही.

आमच्या तक्त्यात प्रत्येक जागेपुढे कामाचे किती उरले ते लिहिलेलं असतं. लेफ्ट बॅकपुढे, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावपटूपुढे, आकडा होता तीन. तिथे डाव्या पायाचाच हवा. उजव्या पायाचा मुलगा तिथे उभा केला की क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर चेंडू, मारायला तो चेंडू आत घेतो, आणि त्या एका जादा टचमध्ये समोरचा विंगर अंगावर येतो. तिघांनाही पूर्ण मापाच्या मैदानावर पाहिलं होतं. जाळी लावलेल्या छोट्या टर्फवर पाहून बॅक निवडू नये. तिथे ऑफसाइड नसतो, चाळीस मीटरचा पास नसतो. तिघांतला एक तर खारघरच्या चिखलातसुद्धा चेंडू पायाशी यायच्या आत दोनदा मान वळवून मागे बघायचा. हे शिकवून लवकर येत नाही.

एकोणिसाव्या निवडीला दोन मिनिटं होती. व्यवस्थापनाला स्ट्रायकर हवा होता, त्याच्या गोलांचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. गोलांच्या व्हिडिओवर संघ बांधणारी माणसं आपल्याकडे फार आहेत. २०१७ च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) ड्राफ्टमध्ये जमशेदपूरने पहिल्या निवडीत १ कोटी १० लाखांना अनस एडाथोडिका घेतला, सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, हे कोणाला आठवत नाही.

“सर, मधल्या दहा निवडी पाचच संघांच्या आहेत, प्रत्येकी दोन. त्यांतल्या चौघांकडे लेफ्ट बॅक नाहीये,” मी कोचसरांना म्हटलं.

“अरे, तीन आहेत. एक तरी येईल आपल्याकडे.”

स्ट्रायकरचं नाव दिलं. विसाव्याला पहिला लेफ्ट बॅक गेला, तेविसाव्याला दुसरा, सत्ताविसाव्याला तो मान वळवून बघणारा. तिसाव्याला आम्ही उजव्या पायाचा मुलगा घेतला. पहिल्या पाच सामन्यांत सात गोल खाल्ले, चार त्याच्या बाजूने. त्या मुलाचा दोष नाही, त्याला चुकीच्या जागी आम्ही उभं केलं. डावीकडून क्रॉस येईनात, म्हणून स्ट्रायकरही उपाशी राहिला.

चौदाव्याला आम्ही मिडफिल्डर घेतला होता, तो बरोबरच होता. पण तिसाव्या निवडीच्या वेळी फलकावर दोन स्ट्रायकर अजून शिल्लक होते. आमच्याच तक्त्यात दहापैकी त्यांना साडेसहा गुण होते. घेतलेल्याला सात.