तुम्ही विचारलंत म्हणून: वाफारे आणि काढा

"ताई, तुमचे ते घामाचे वाफारे कशानं गेले हो? शतावरी घेता का?" तलावपाळीला सकाळी फेऱ्या मारताना कुणीतरी गाठून विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून खरं सांगते: पूर्ण गेलेले नाहीत. आणि घेत होते त्यातलं निम्मं मी बंद केलंय.

पाळी लांबायला लागली तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. रात्री दोनला पंखा पाचवर, उशी ओली, आणि शेजारी नवरा गोधडीत गुरफटलेला! जांभळी नाक्यावरून ज्येष्ठमध आणलं. घसा बसला की आजी त्याची कांडी चघळायला द्यायची, मग भीती कसली? दोन वेळा काढा, गोड लागतो म्हणून कधी तिसराही कप. दीड महिन्यात चपलेचा पट्टा पावलात रुतायला लागला. गोळीवर १३०च्या आसपास असणारं बीपी १६४ वर गेलं. डॉक्टरांनी विचारलं, "नवीन काही घेताय?" म्हटलं, "छे, काहीच नाही." काढ्याची आठवण झाली ती घरी पातेलं विसळताना. लगेच फोन केला.

ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम उतरवतं. चार दिवस कांडी चघळणं वेगळं, रोज उकळून पिणं वेगळं. काढा बंद केल्यावर सूज उतरली, बीपीही हळूहळू.

जाऊबाई झोपेसाठी अश्वगंधा घ्यायच्या, थायरॉईडची गोळी चालू असताना. अश्वगंधेनं थायरॉईड हार्मोन वाढू शकतं. क्वचित कुणाच्या लिव्हरवरही येतं. वाफाऱ्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या ब्लॅक कोहोश या परदेशी वनस्पतीच्या गोळ्यांबद्दलही लिव्हरच्या तशाच तक्रारी आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, की गोळी बंद आणि डॉक्टरकडे. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आमटीतली हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्यांनी सोयाच्या गोळ्याही आपल्या मनानं घेऊ नयेत.

आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग दिसला, तर काढा-बिढा काही नको. थेट स्त्रीरोगतज्ज्ञ.

आता डॉक्टरकडे जाताना डबे-बाटल्या पिशवीत घालूनच नेते. चूर्णसुद्धा. डॉक्टर हसतात, पण लेबलं वाचतात.

जवसाची चटणी मात्र सोडलेली नाही. वाफाऱ्यांना तिचा फरक पडला असं काही वाटत नाही. गरम भाकरीवर छान लागते, एवढंच.