तो बार परत का देत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो आहे. घरी येणारे स्नेही, माझ्या रिबन बारांच्या, म्हणजे सैनिक पदकांच्या जागी छातीवर लावतो त्या रंगीत फितींच्या पट्ट्यांच्या, संग्रहाविषयी कोठेतरी ऐकलेले लोक आणि अलीकडे खुद्द माझा जावई, या सर्वांनी मला फिरून फिरून एकच विचारले आहे: "हा रिबन बार कोणाचा हे रंगांवरून ओळखता येते असे तुम्ही म्हणता, मग तो त्याच्या घरी परत का देत नाही?" विचारणाऱ्याचा सूर कितीही सौम्य असला तरी दुसऱ्याच्या पराक्रमाची वस्तू मी माझ्या कपाटात अडकवून ठेवली आहे, असा आरोप त्यात असतो. मी सैन्यात नव्हतो, आमच्या घराण्यातही कोणी नव्हते, त्यामुळे तो आरोप मला अधिक लागतो.

"कोणाचा" हे ओळखता येते असे मी आता म्हणत नाही. एके काळी म्हणत असे, आणि त्याची झळ दुसऱ्याच कोणाला बसली. ते पुढे सांगणारच आहे. रंगांवरून कळते ते एवढेच, की हा बार लावणारा माणूस साधारण कोणत्या काळात आणि कोणत्या आघाडीवर होता. १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल अशा चार पदकांच्या फिती ओळीने असतील, तर तो दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेला हिंदी सैनिक, असे मी निश्चित सांगेन. परंतु त्या युद्धात हिंदी सैन्याची संख्या पंचवीस लाखांवर गेली होती आणि हे चार रंग छातीवर असलेली माणसे गावोगाव होती. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, त्यामुळे हरवलेले पदक घरी पोहोचवता येते. महायुद्धातील तारे, म्हणजे 'स्टार' नावाची ताऱ्याच्या आकाराची पदके, यांच्या पाठीवरही आपल्या सैनिकांचा क्रमांक, हुद्दा आणि नाव ठोकलेले असे. बारावर मात्र नावाला जागाच नसते.

मग अभ्यास कशाचा करता, असेही विचारले जाते. क्रमाचा करतो, चिन्हांचा करतो आणि शिवणकामाचा करतो. आफ्रिका स्टारच्या फितीवर रुपेरी ८ चा आकडा असेल तर तो माणूस २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या ब्रिटिशांच्या आठव्या सैन्यात होता, आणि हिंदी सैनिक म्हटल्यावर माझे लक्ष प्रथम चौथ्या हिंदी डिव्हिजनकडे जाते. वॉर मेडलच्या फितीवर ब्राँझचे ओकचे पान असेल तर सेनापतीच्या खलित्यात त्याचा नामोल्लेख झालेला असतो. महायुद्धाचे तारे आधी आणि १९४७ चे स्वातंत्र्यपदक शेवटी असेल तर तो क्रम जुना. प्रजासत्ताकानंतरच्या क्रमात भारतीय पदके पुढे आली आणि ब्रिटिश अमदानीतील मागे गेली. एखाद्या शौर्यपदकाची फीत असली तरच राजपत्रातील याद्या चाळून पाच-दहा नावांपर्यंत पोहोचण्याची आशा धरता येते.

पदके सोडून फितींच्या मागे लागण्याचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. आफ्रिका स्टार स्थापन झाला जुलै १९४३ मध्ये. त्याच वेळी जो १९३९-४३ स्टार स्थापन झाला तोच पुढे १९३९-४५ स्टार झाला. परंतु धातूचा तारा युद्ध संपल्यानंतर घडवला गेला. मधली सारी वर्षे सैनिकाने छातीवर वागवली ती नुसती फीत. म्हणून माझ्या लेखी ती पदकाची दुय्यम खूण मुळीच नाही. शिवाय तारे सगळे एका साच्यातले असतात. बार मात्र त्या त्या माणसाने छावणीतल्या टेलरपुढे उभे राहून, आपल्याला काय काय मिळाले आहे ते सांगून, स्वतःपुरता शिवून घेतलेला असतो. कोणी पितळी पट्टीवर घेतला, कोणी बकरमावर, म्हणजे ताठ कापडावर, घेतला, कोणी थेट सदऱ्यावर टाचून घेतला. अशा बाराची मागची बाजू मी पुढच्या बाजूपेक्षा जास्त वेळ पाहतो. दुमडून आत गेलेल्या फितीला ऊन लागलेले नसते. बर्मा स्टारची नारिंगी रेघ वरून विटून पिवळसर झालेली असते आणि आतल्या घडीत मात्र विणली त्या दिवसासारखी तेजस्वी असते. हा फरक दिसला की बार वापरला गेला आहे, उन्हातल्या परेडी त्याने पाहिल्या आहेत, असे मी समजत असे. हा फरक दिसला नाही तर काय समजत असे, तेच आता सांगायचे आहे.

२००९ च्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातून एक बाई माझ्याकडे आल्या. वय साठीच्या आसपास. पिशवीतून त्यांनी स्टीलचा चपटा डबा काढला आणि डब्यातून रुमालात गुंडाळलेला बार.

"आण्णांचा आहे. फोटोशेजारी फ्रेम करून लावायचा आहे. भाऊ म्हणाला, कुठली कुठली पदकं आहेत ते कुणा जाणकाराकडून लिहून आण, म्हणजे खाली घालता येईल."

तो खरा की खोटा, हे त्यांनी मला विचारलेलेच नव्हते. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

बार सहा फितींचा होता, तीन-तीनच्या दोन ओळी. वर १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, बर्मा स्टार. खाली वॉर मेडल, इंडिया सर्व्हिस मेडल आणि शेवटी स्वातंत्र्यपदक. वडील रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोरमध्ये ड्रायव्हर होते, आधी मिसरला आणि मग ब्रह्मदेशात गेले, १९४८ मध्ये घरी आले, असे त्यांनी सांगितले. ते रंगांशी तंतोतंत जुळत होते. एवढे सांगून, सहा नावे कागदावर लिहून देऊन मी त्यांना चहा दिला असता तर काम झाले असते. मी भिंग काढले.

आफ्रिका स्टारची फीत उलटी होती. वाळूच्या रंगाच्या त्या फितीत मध्ये रुंद लाल पट्टा असतो आणि त्याच्या एका बाजूला गडद निळी, दुसऱ्या बाजूला फिकी निळी रेघ असते. गडद रेघ डाव्या खांद्यापासून दूरच्या बाजूला यायला हवी. येथे ती खांद्याकडे आली होती. मग मी घडीच्या आत पाहिले. आतले आणि बाहेरचे रंग एकसारखे होते. मग खोलीत अंधार करून अतिनील दिव्याखाली बार धरला, तर शिवणीचा पांढरा दोरा निळसर चमकला. आजकालचा कृत्रिम दोरा बहुधा तसा चमकतो, जुना सुती दोरा सहसा चमकत नाही. पाठीला पितळी पट्टीवर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवलेली होती. तशी मी पूर्वी कधी पाहिली नव्हती आणि तीही मी विरुद्ध पुराव्यात जमा केली.

"ताई, हा तुमच्या वडिलांचा नसणार," मी म्हणालो. "सुट्या फिती आणून कोणीतरी अलीकडे जोडलेला आहे. बाजारात असे पुष्कळ येतात."

"पण आण्णा सव्वीस जानेवारीला लावायचे. मी स्वतः पिन लावून दिलेली आहे."

"तो दुसरा असेल. आठवणीत गल्लत होते माणसाची."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. बार पुन्हा रुमालात बांधला, रुमाल डब्यात ठेवला, डब्याचे झाकण दाबून बसवले. चहा घेतला नाही. मी माझ्या नोंदवहीत "बनावट" असे लिहिले आणि खाली चार कारणे क्रमांक घालून मांडली. पुढची दोन वर्षे नवख्या संग्राहकांना समजावताना मी हेच उदाहरण देत असे, हे मला येथे कबूल केले पाहिजे.

२०११ मध्ये पुण्याच्या कॅम्पातले एक वृद्ध मिलिटरी टेलर दुकान आवरत आहेत असे कळले, म्हणून फितींची शिल्लक विकत घ्यायला मी गेलो. त्यांनी खोक्यातून दोन तयार बार काढून माझ्यासमोर ठेवले. मी सवयीने ते पालथे केले. पाठीला हिरवी बनात होती.

"ही कसली?" मी विचारले.

"बिलियर्ड टेबलाची. क्लबातलं जुनं कापड बदललं की मी घेऊन यायचो. शर्टाला पिन घासत नाही हो त्यानं."

मग ते आपणहून बोलू लागले. म्हातारे पेन्शनर त्यांच्याकडे येत असत. चाळीस वर्षे ट्रंकेत राहून मूळ फिती कुजलेल्या असत, कोणाला कसर लागलेली असे. माजी सैनिकांचा मेळावा किंवा झेंडावंदन जवळ आले की हे लोक जुना फोटो घेऊन येत आणि "यात आहे तसाच करून द्या" म्हणत. फोटो कृष्णधवल. त्यात लाल पट्टा कळतो, परंतु दोन निळ्या रेघांपैकी गडद कोणती आणि फिकी कोणती हे भिंगातूनही नीट कळत नाही. टेलर म्हणाले, "आम्ही अंदाजानं लावायचो. साहेब लोक खूश व्हायचे, कधी कुणी परत नाही आणला."

उलटी फीत, नवा दोरा, न विटलेले रंग, हिरवी बनात. माझी चारही कारणे त्यांनी हातातले काम न थांबवता निकालात काढली. वर्षातून एक-दोनदा लावलेल्या बाराला ऊन कितीसे लागणार? बार नवा होता यात मला आजही शंका नाही. नवा म्हणजे खोटा, हे मी त्यात माझ्या पदरचे घातले होते.

त्याच महिन्यात मी साताऱ्याकडे गेलो. बाईंनी मला ओळखले, बसायला सांगितले, पाणी दिले. भिंतीवर आण्णांचा १९४८ चा फोटो होता, छातीवर दोन ओळींचा बार. मी विचारल्यावर त्यांनी डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेले नोंदपुस्तक, काढून दिले. पाने ओलीने चिकटलेली होती, तरी पदकांच्या नोंदीत आफ्रिका स्टार आणि बर्मा स्टार ही दोन्ही नावे वाचता आली. मग मी बार मागितला.

"तो नाही आता. नातवाला शाळेच्या गॅदरिंगमध्ये सैनिक व्हायचं होतं. त्याला लावायला दिला, तिथेच कुठे पडला." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होतात, आण्णांचा नाही म्हणून. नाहीतर पोराच्या हातात दिला असता का?"

मी क्षमा मागितली. तसाच नवा बार शिवून देतो असेही म्हणालो. त्यांनी मान हलवून नको म्हटले.

त्यानंतर माझे माझ्याशीच भांडण चालू आहे आणि ते मिटलेले नाही. २००९ चा मी अजून मला विचारतो: जे पाहिलेस त्यात चूक कोणती होती? फीत उलटी होतीच, दोरा नवा होताच. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात सुट्या फिती जोडून "आजोबांचा बार" म्हणून विकणारे आहेतच, आणि जाणकाराने प्रत्येक वेळी "असू शकेल" म्हणत बसायचे ठरवले, तर त्यांचे फावणारच. हे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. त्याला मी एवढेच सांगतो की ती बाई विकायला आली नव्हती, आणि "मी स्वतः पिन लावून दिली आहे" हा दिव्याखालच्या दोऱ्याइतकाच पुरावा होता. त्यावर तो म्हणतो, आठवणीवर विसंबायचे तर मग दिवा कशाला घेतलास? आणि खरे पाहता हिरवी बनात जुळली म्हणून तो बार आण्णांनीच शिवून घेतला होता हेही सिद्ध होत नाही. त्या टेलरने असे किती बार केले असतील कोण जाणे. "बनावट" हा शब्द मी नोंदवहीत खोडलेला नाही. पुढे बनातीची हकिगत आणि तारीख घातली आहे.

आता कोणी बार दाखवायला आणला तर मी आधी डिस्चार्ज बुक आणि फोटो मागतो, घरच्यांना काय आठवते ते लिहून घेतो आणि बार सर्वांत शेवटी हातात घेतो. घरातून आलेला बार मी विकत घेत नाही. पदकावरचे नाव आणि बार एकत्र सापडले अशी दोन प्रकरणे माझ्याकडे होती आणि ती दोन्ही त्या त्या घरी पोहोचती केली आहेत. उरलेल्यांचे काय, हाच तुमचा प्रश्न आहे, याची मला जाणीव आहे.

टेलरने खोक्यातून काढलेले ते दोन बार गिऱ्हाइकांनी शिवायला टाकून कधी नेलेच नाहीत. दुकान बंद करताना ते त्यांनी मला दिले. त्यांपैकी एकाला अजून सुतळीने बांधलेली चिठ्ठी आहे. तो कोणी शिवला, कोठे शिवला, पाठीची बनात कोठून आली, सारे मला ठाऊक आहे. चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिले आहे: "सुभेदार साहेब, सोमवारी." हा कोणाच्या घरी न्यायचा ते मला कोणी सांगितले, तर मी उद्या सकाळी निघेन.