गाद्यांच्या आधी घावणे

२६ जुलै २००५ ला मंगळवार होता आणि मी फोर्टला ऑफिसात होते. तिथे पाऊस पडत होता, पण काम टाकून घरी पळावं असा नव्हता. गाड्या बंद पडल्याचं कळलं तेव्हा आम्ही चौघीजणी चालत निघालो. दादरपर्यंत धीर होता. सायनला पाणी कमरेला लागलं, आणि लोकांनी आम्हाला एका शाळेच्या वर्गात नेऊन बसवलं. रात्र तिथेच बाकावर गेली. फोन लागत नव्हते. पुढे पेपरात आकडे आले: त्या चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर पाऊस झाला आणि सांताक्रूझला ९४४. मी ज्या पावसातून निघाले तो आणि माझ्या घरावर कोसळला तो, हे दोन वेगळेच पाऊस होते.

आमचं घर कुर्ला पश्चिमेला, बैलबाजाराच्या बाजूला. एक मजल्याची चाळ, आमच्या तळमजल्यावर दोन खोल्या. गल्ली संपते तिथून थोडं चाललं की मिठी. विहार आणि पवई तलाव भरून वाहिले की त्यांचं पाणी घेऊन माहीमच्या खाडीला मिळणारी नदी. पण लग्न होऊन आल्यापासून मी तिला 'नाला' म्हणतानाच ऐकलं होतं, आणि मीही तेच म्हणत होते. ती नदी आहे हे मला त्या वर्षी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले तेव्हा सासूबाई, हे आणि माझी मुलगी वरच्या मजल्यावर मावशींच्या खोलीत होते. तिघंही सुखरूप. ह्यांची रात्रपाळी होती म्हणून ते दुपारी घरात होते, हे आमचं नशीब. पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून वर आलं, असं ते म्हणाले. अर्ध्या तासात गुडघ्याला, मग छातीला. त्यांनी आधी आईला वर नेलं, मग मुलीचं दप्तर, मग देव. चौथ्या फेरीला जिन्यावरून खाली उतरताच आलं नाही.

भिंतीवर पाण्याची रेघ लाइटच्या बोर्डाच्या वर होती. आत गाळ घोट्यापर्यंत. त्याला रॉकेलचा, इंजिन ऑइलचा आणि आणखी कशाचा तरी वास होता. आमच्या भागात गॅरेजं आणि भंगारची गोदामं आहेत, त्यांचं सगळं पाण्यात उतरलं होतं. पुढे तबेल्यांतल्या मेलेल्या म्हशींचा वास त्यात मिसळला. फ्रिज आडवा होऊन पलंगावर चढून बसला होता. प्लायवुडचं कपाट फुगून त्याचे पदर सुटले होते. गाद्या दोघांना मिळूनही उचलता येईनात, इतकं पाणी प्यायल्या होत्या.

पहिले पंधरा दिवस फक्त उपसणं. गाळ काढायचा, धुवायचं, ब्लीचिंग पावडर टाकायची, पुन्हा धुवायचं. पाणी उकळून प्यायचं, पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचं नाही, महापालिकेचे लोक लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या देतील त्या घ्यायच्या. मध्येच धरण फुटल्याची अफवा उठली आणि अख्खी गल्ली रात्री जिन्यांवर जाऊन उभी राहिली. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा मी यादी सांगत होते: फ्रिज, मिक्सर, कपाट, गाद्या तीन, शिलाई मशीन. ते लिहीत होते. मसाल्याच्या बरणीपाशी आले आणि मी गप्प बसले. मसाला पंचनाम्यात कसा सांगायचा? मे महिन्यात सासूबाईंनी आणि मी बेडगी आणि संकेश्वरी मिरची उन्हात वाळवून, धणे-बडीशेप-दगडफूल भाजून, डंकावर उभं राहून वर्षाचा मालवणी मसाला कुटून आणला होता. सुके बोंबील, सुकट, सोलं, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ, पापड, फणसाच्या साटांचा डबा, पावसाळ्याची सगळी बेगमी रस्त्यावरच्या ढिगात गेली. फ्रिज टाकताना मला काही वाटलं नाही. त्या बरण्या रिकाम्या करताना मात्र मी रडले.

तेव्हा जो येई तो म्हणे, "वस्तूच गेल्या ना, माणसं वाचली." खरंच होतं ते. आमच्याच भागात माणसं गेली होती, आणि त्यांच्या दारावरून जाताना मला माझ्या बरण्यांची लाज वाटायची. पण आज इतक्या वर्षांनी सांगते, ते वाक्य पूरग्रस्ताला कुणी ऐकवू नये. माणसं वाचली हे त्याला तुमच्या आधी ठाऊक असतं. त्याच्या हातून जे गेलेलं असतं ते फक्त सामान नसतं. संध्याकाळी घरी आल्यावर कुठल्या डब्यात हात घालायचा, रेडिओ कुठल्या फळीवर आहे, उशाला काय घ्यायचं, हे सगळं गेलेलं असतं.

फोटोंचं काम मी स्वतःकडे घेतलं. अल्बम एका गठ्ठ्यासारखा झाला होता आणि मी तो उघडायला निघाले होते. स्टेशनजवळच्या स्टुडिओवाल्या काकांनी थांबवलं. म्हणाले, "सोडवायला जाऊ नका, सुकूही देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवा आणि आपले आपण सुटू द्या. छापील बाजूला बोट लावायचं नाही." मावशींच्या दोन बादल्या घेतल्या, पाणी बदलत राहिले. जे सुटले ते वरच्या गॅलरीत दोरीला चिमट्यांनी टांगले. लग्नाचे रंगीत फोटो बहुतेक गेले. रंग वाहून लाल-पिवळे डाग तेवढे उरले, एका फोटोत फक्त माझी हिरव्या चुड्यातली मनगटं. सासऱ्यांचा गिरणीच्या गेटवरचा काळा-पांढरा फोटो मात्र जसाच्या तसा निघाला. आणि पाकिटातल्या निगेटिव्ह! त्या नुसत्या धुऊन वाळवल्या. त्यांतून वर्षभराने पंचवीस-तीस फोटो पुन्हा काढून घेता आले. दिवाळी अंकांची ट्रंक तशी नाही वाचली. गुळगुळीत कागद एकदा ओला होऊन सुकला की त्याची वीट होते, पानं सुटत नाहीत.

कागदपत्रांची कहाणी थोडक्यात सांगते. रेशनकार्ड, मुलीचे दाखले, विमा, गॅसचं पुस्तक, प्रत्येकाची दुसरी प्रत काढायची. पोलिसांचा दाखला, स्टॅम्प पेपर, मग रांग. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेसाठी वाशीला बोर्डाच्या ऑफिसात गेले. सगळं मिळालं, फार उशिरा मिळालं. एका खिडकीवर मला सांगण्यात आलं की पंचनाम्याची मूळ प्रत आणा, आणि दुसऱ्या खिडकीवर ती मूळ प्रत ठेवून घेतली होती. एवढंच सांगण्यासारखं आहे. कुणी आज या फेऱ्यात असेल तर पहिल्याच दिवशी पंचनाम्याच्या दहा झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत कुणालाही देऊ नका.

मदतीचे पैसे मिळाले, ऑफिसातून उचल मिळाली, आणि मी एक यादी केली. 'आधी गरजेचं.' गाद्या, भांडी, मुलीची पुस्तकं, कपाट, वायरिंग. त्या यादीत जे नाही ते घ्यायचं नाही, करायचं नाही, मागायचंही नाही. मुलीने एकदा भुट्टा मागितला तर मी तिच्यावर ओरडले. पुरानंतर दहा-अकरा दिवसांतच श्रावण लागला होता. एरवी श्रावणात आमच्याकडे सोमवारी संध्याकाळी वालाची उसळ, अळूचं फतफतं, शुक्रवारी पुरणाचे दिंड. त्या श्रावणात आम्ही खिचडी खाल्ली. पोट भरत होतं. पण चौघंही ताटावरून मुकाट्याने उठत होतो, आणि हे कसं थांबवायचं ते मला कळत नव्हतं.

थांबवलं सासूबाईंनी. मोरीच्या कोपऱ्यात त्यांचा बिडाचा तवा पडला होता. गंजून तांबडा झालेला. मी तो भंगारात काढला होता. त्यांनी तो परत आणला आणि मला म्हणाल्या, "बिडाक काय होणा नाय गो. तां माणसापेक्षा चिवट." मग दोन दिवस त्याच्याच मागे होत्या. आधी उकळत्या पाण्यात ठेवला. मग नारळाच्या सोडणाने आणि विटेच्या भुकटीने घासला, तांबडं पाणी जाऊन राखाडी दिसेपर्यंत. लगेच चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर, धूर निघेपर्यंत तापवला, कारण बीड ओलं राहिलं की रात्रीत पुन्हा गंज धरतं. मग खोबरेल लावायचं, तापवायचं, गार करायचं, पुन्हा लावायचं. पाच-सहा वेळा. शेवटी अर्धा कांदा सुरीला टोचून, तेलात बुडवून, गरम तव्यावर फिरवत राहायचा. कांदा करपल्याचा वास घरात पसरला तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाळाचा वास येत नाहीये.

पहिला घावणा चिकटला. दुसरा फाटला. तिसरा अर्धा निघाला. तांदूळ मदतीत मिळालेले होते, घावण्यांना हवे तसे नव्हते, आणि मी म्हटलं, "आई, पीठ फुकट जातंय, राहू दे." त्यांनी ऐकलंच नाही. पाचवा घावणा कडेने आपला आपण सुटला, जाळी पडलेला, पांढराशुभ्र. घरात बसायला गाद्या नव्हत्या. जमिनीवर वर्तमानपत्र घालून आम्ही बसलो. नारळ एकच होता, त्याचा रस काढून गूळ घातला. माझ्या मुलीने सात घावणे खाल्ले. हे कामावर जायचे होते, ते अर्धा तास उशिरा गेले. त्या रात्री मी माझी यादी काढली आणि गाद्यांच्या वर लिहिलं: दोन नारळ, गूळ.

मग हळूहळू घर सुरू झालं. गणपतीला त्या वर्षी आम्ही गावी गेलो नाही. खर्च झेपणारा नव्हता. पण गावाहून जाऊबाईंनी गाववाल्याबरोबर एक गोणी पाठवली. तिच्या स्वतःच्या वर्षाच्या मसाल्यातला अर्धा, सोलं, तिरफळं, उकडे तांदूळ. तिच्याकडेही चार माणसं खाणारी. ते ऋण फिटायचं नाही.

गणपती झाल्यावर बाजारात बांगडे दिसले आणि सासूबाई म्हणाल्या, आज करू. पण मिक्सर तर गेला होता. तेव्हा दाराआड उभा करून ठेवलेला पाटा आठवला. पुराने त्याला जागचा हलवलासुद्धा नव्हता. वरवंटा मात्र शेजारच्या घरात सापडला होता. किती वर्षं त्यावर काही वाटलं नव्हतं. अगदी गुळगुळीत झाला होता, खोबरं नुसतं सरकायचं. त्या दिवसांत गल्लीत सगळे दुरुस्तीवाले फिरत होते, कुलूपवाला, पिंजारी, स्टोव्हवाला. त्यांत पाट्याला टाकी लावणारी बाई मिळाली. दारात बसून तिने छिन्नीने टाक-टाक करत अख्खा पाटा खरखरीत करून दिला. दगडाची पूड जावी म्हणून आधी मूठभर तांदूळ वाटून फेकले.

मग ओलं खोबरं, मिरच्या, धणे, हळद, चिंच. मला वाटायची सवय नव्हती, दहा मिनिटांत खांदे भरून आले. पण वाटप हळूहळू मऊ होत जातं ते हाताला कळतं. मिक्सरमध्ये ते कधी कळलं नव्हतं. वरून मावशींनी हाक मारली, "अगं, काय वाटतेयस? खाली भूकंप झाल्यासारखं वाटतंय!" मी म्हटलं, "बांगड्याचं, तिरफळ घालून. वाटी पाठवते." त्यांच्याकडे आम्ही एकोणीस दिवस राहिलो होतो. चौघं त्यांच्या एका खोलीत. मुलगी वाटी घेऊन जिना चढली, आणि मी कितीतरी दिवसांनी पोटभर, चव घेऊन जेवले. बोटं चाटली.

पुढे मिक्सर आला. पण बांगड्याचं वाटप आजही पाट्यावर होतं.

पावसाची भीती मात्र इतक्या सहज गेली नाही. २००६ च्या जूनपासून मी पेपरात आधी भरतीची वेळ बघायची. साडेचार मीटरच्या वरची भरती दिवसा आहे की रात्री, त्या वेळी मुसळधार लागला तर मिठीचं पाणी खाडीत उतरायला जागा राहत नाही, हे सगळं मला पाठ झालं होतं. त्याच वर्षी पुराची कारणं तपासणाऱ्या माधव चितळे यांच्या समितीचा अहवाल आला, तोही पेपरात येईल तेवढा मी वाचला. नदीची रुंदी कुठे कशी कमी झाली हे वाचून राग यायचा. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर. मसाल्याच्या बरण्याही माळ्यावर. रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मी उठायची, मोरीचं जाळं बघायची, दाराबाहेर बॅटरी मारायची. ह्यांनी कधी "झोप आता" म्हटलं नाही. तेही जागेच असायचे.

असे दोन पावसाळे गेले.

२००८ मध्ये, आषाढातच, एका सकाळी मी दूध आणायला दार उघडलं तर गल्ली ओलीचिंब, पाट भरून वाहत होते. मावशी वरच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय ग, एवढा रात्रभर कोसळला, तुझी बॅटरी नाही दिसली ती?"

"मला कळलंच नाही मावशी," मी म्हटलं. "झोप लागली होती."