सोनं तर मायच्या तोंडातच आहे

मी रेडिओथेरपीत फिजिसिस्ट आहे. डॉक्टर कॅन्सरची गाठ आखून देतात, शेक कुठून आणि किती द्यायचा हे गणित आमचं. नागपुरात ते फार वेळा तोंडाचंच असतं. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटणारे ठेले आमच्या फाटकासमोरच आहेत.

काटोलकडच्या त्या बाईंच्या उजव्या गालात गाठ होती आणि डाव्या दाढेवर सोन्याची कॅप. सीटीत धातू आला की त्याभोवती पांढऱ्या-काळ्या पट्ट्या फुटतात. सॉफ्टवेअर त्यांना हाड किंवा हवा समजतं. मग एकेका स्लाइसवर त्या हाताने आखून खरी घनता भरत बसा. शेकताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जो मास्क बसवतात, तो करण्याआधी तोंड उघडून बघा, असं विभागातल्या पोरांना कायम सांगतो. बघत कुणीच नाही.

त्यांचा मुलगा मोबाइल घेऊन आला. सोन्याचे बारीक कण दिले की शेक गाठीला जास्त लागू पडतो, असा फॉरवर्ड त्यावर होता. "सर, मायले हे सोन्याचे कण टोचता येते काय जी?"

फॉरवर्ड खोटा नव्हता. 2004 मध्ये अमेरिकेत उंदरांना 1.9 नॅनोमीटरचे कण शिरेतून देऊन एक्स-रे दिले, तर वर्षभराने 86 टक्के जिवंत होते. नुसत्या एक्स-रेवर 20 टक्के. पण ते किरण 250 किलोव्होल्टचे. त्या ऊर्जेला सोन्याचा जड अणू किरण गिळून इलेक्ट्रॉन उधळतो. आमचा लिनॅक, म्हणजे शेक देणारं मशीन, 6 मेगाव्होल्टचा, कितीतरी जास्त ऊर्जेचे, खोल जाणारे किरण सोडणारा; तिथे हा फायदा बराच ओसरतो. 2019 मध्ये युरोपात मान्यता मिळाली ती हाफ्नियम या दुसऱ्या जड धातूच्या ऑक्साइडच्या कणांना, तीही हातापायांच्या आणि धडाच्या सार्कोमासाठी (स्नायू-चरबीसारख्या मऊ भागातल्या कॅन्सरसाठी), थेट गाठीत टोचून.

"सोनं तर मायच्या तोंडातच आहे. त्यानं काऊन नाही होत?"

होतं की, पण भलत्या जागी. कॅपवरून मागे उसळलेले इलेक्ट्रॉन लगतच्या धडधाकट गालाला काही मिलिमीटरपर्यंत जादा डोस देतात, तिथलं आतलं अस्तर सोलतं. कॅप काढायला दंतविभागाची तारीख लांबची मिळत होती, गाठ तेवढी थांबत नाही. म्हणून दाढ आणि गाल यांच्यामध्ये बसेल, ते इलेक्ट्रॉन अडवेल असं गार्ड करून घेतलं. डावा गाल निभावला.

निघताना त्याने विचारलं, "गाल तर वरच आहे, मंग खोल जाणारे किरण कायले?" मानेतल्या गाठींसाठी, आणि कमी ऊर्जेचे किरण जबड्याचं हाड जास्त गिळतं म्हणून, असं सांगितलं. हाडातल्या कॅल्शियमचा अणूही मांसातल्या अणूंपेक्षा जडच. म्हणजे सोन्याला किरण गिळायला लावायचे तर जबडाही गिळणार. मग कण बदलायचे की मशीन, यावर मी अजून कागद खरडतोय.