रात्री दशावतार, दुपारी ड्रॅक्युला

"रातभर राकेस बघून पोट भरणा नाय काय रे तुझा?" हा प्रश्न पहिल्यांदा आजीने विचारला. मग कॉलेजातल्या मित्रांनी, जत्रेला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनी, आणि परवा तुम्हीही विचारलंत. शनिवार-रविवार दशावतारात रात्र रात्र पेटी वाजवायची आणि दिवसा झोप सोडून ड्रॅक्युलाचे सिनेमे बघायचे, हे काय खूळ, आणि भीती वाटते का? विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

मी वेंगुर्ले तालुक्यातला, वय 23. आठवडाभर दुकान सांभाळतो आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की सुट्टीचे दिवस कंपनीला देतो. कंपनी म्हणजे दशावतारी नाटक मंडळ. देवळात पालखीच्या प्रदक्षिणा झाल्या की रात्री उशिरा खेळ उभा राहतो. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग. त्यात गणपती येतो, सरस्वती येते, वेद चोरणारा काळ्या पोशाखातला संकासुर मालवणीत बोलून लोकांना हसवतो. मग आख्यान, म्हणजे रात्रीची मुख्य कथा. आख्यानाचे संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरतं, बोलणं तिथल्या तिथे सुचतं. त्यामुळे माझ्यापुढेही कागद नसतो. पायपेटीचा भाता पायाने मारायचा, दोन्ही हात पट्ट्यांवर आणि डोळे नटाच्या ओठांवर. पहाटे दहीकाला झाला, हंडी फुटली की सुटलो.

गेल्या मोसमात एका जत्रेत माझ्या हातून एक चूक झाली. राणी वनात एकटी आहे, तिला मुलगा गेल्याचं कळतं. राणीचं काम करणारे काका तीस वर्षं स्त्रीपार्ट करताहेत. बातमी ऐकली आणि ते नुसते उभे राहिले. पदर हातात तसाच. मला वाटलं, शब्द विसरले. त्यांना सावरायला म्हणून मी भैरवीची एक लांब तान सोडली. मुलं दचकली, पुढची माणसं माझ्याकडे बघायला लागली. पहाटे रंगपटात खोबरेल तेलाने तोंडाचा रंग पुसता पुसता काका म्हणाले, "मी गप रवलंय ता इसारलंय म्हणान नाय. तू मधी कित्याक बोललंस?"

'वाजवलंस' नाही म्हणाले, 'बोललंस' म्हणाले. तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही.

त्याच आठवड्यात 1931 चा अमेरिकन 'ड्रॅक्युला' मोबाईलवर बघितला. त्यात काउंट ड्रॅक्युला, म्हणजे रक्त पिणारा उमराव, झालाय बेला लुगोसी. सुरुवातीच्या नावांवर चायकोव्हस्कीच्या 'स्वान लेक'चा तुकडा वाजतो, मध्ये एका नाट्यगृहात वाद्यवृंद ऐकू येतो, बाकी पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. बोलपट तेव्हा नवे होते. वाद्य दिसत नसताना सूर आले तर प्रेक्षक गोंधळेल, अशी समजूत होती. काउंट जिना उतरतो तेव्हा जुन्या ध्वनिपट्टीची खरखर आणि माणसांचे आवाज, एवढंच. बाहेर लांडगे ओरडतात आणि तो त्या ओरडण्याला संगीत म्हणतो. मी इअरफोन लावून अंधारात बसलो होतो. पेटीवाला नसला तर राक्षस किती मोठा होतो, हे मला त्या रात्री दिसलं. पुढे 1999 मध्ये फिलिप ग्लास यांनी या सगळ्या चित्रपटाला संगीत दिलं, क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या गटाने ते वाजवलं. तेही ऐकलं, फार सुंदर आहे. पण तो जिना मला बिनसुरांचाच हवा.

तेव्हापासून रविवारची दुपार ठरून गेली. पहाटे खेळ संपतो, आठच्या सुमारास घरी पोचतो, दोन-तीन तास डोळा लागतो. मग जेवून माळ्यावर जातो. सगळ्यात जास्त वेळा बघितलाय तो मुर्नाऊ यांचा जर्मन मूकपट 'नोस्फेराटू'. 4 मार्च 1922 ला बर्लिनमध्ये त्याचा पहिला मोठा खेळ झाला तेव्हा हान्स एर्डमान यांचं संगीत वाद्यवृंदाने तिथेच वाजवलं होतं. ते मूळ संगीत बरंचसं हरवलं. गोष्ट 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून न विचारता घेतलेली, म्हणून लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने हक्कांसाठी दावा लावला, कोर्टाने प्रती नष्ट करायला सांगितल्या, तरी काही वाचल्या. चित्र उरलं, सूर गेले. म्हणून आज जो तो त्याला आपापलं संगीत देतो. आपल्याकडेही मूकपटांच्या काळात पडद्यापुढे पेटी-तबलावाले बसायचेच. मग मी का नको?

मोबाईलचा आवाज बंद करून तो भांड्याला टेकवतो आणि हातपेटी पुढे ओढतो. काउंटची सावली जिन्यावरून चढते, लांब बोटं, वाकलेली पाठ, त्या जागेसाठी मी पहिल्यांदा मालकंस घेतला. मालकंस गायला की जिन ऐकायला येतात अशी गवयांत जुनी समजूत आहे, म्हणून म्हटलं हाच. गंधार, धैवत, निषाद कोमल, रिषभ-पंचम नाहीत. छान बसला. इतका छान बसला की सावली दिसेनाशी झाली, माझा मालकंसच ऐकू येत राहिला. पुढच्या रविवारी नुसता षड्ज, म्हणजे सा, धरला. त्याच्या पुढच्या रविवारी षड्जही सावली दाराशी पोचायच्या आधी सोडला. भाता मिटताना चामड्याचा जो बारीक उसासा येतो तो तेवढा राहिला. माझ्याच अंगावर काटा आला. तेव्हा भीती वाटते का, याचं उत्तर हो, वाटते. त्या जिन्यापाशी अजूनही वाटते.

1958 च्या इंग्लिश 'ड्रॅक्युला'तलं जेम्स बर्नार्ड यांचं संगीत अगदी उलट, दणदणीत. ड्रॅ-क्यु-ला ही तीन अक्षरंच त्यांनी सुरांत बांधली, वाद्यवृंद राक्षसाचं नाव घेऊन ओरडतो. ते मी उचललं. बकासुराच्या प्रवेशाला ब-का-सुर असे तीन घाव पेटीवर मारतो, मृदंगवालाही आता साथीला येतो.

आजीचं दुखणं वेगळं होतं. ती आरवलीच्या वेतोबाची, म्हणजे वेताळाची, भक्त. तिथे देवाला मोठाल्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, ही श्रद्धा. मी तिला सांगितलं, रिचर्ड बर्टन नावाच्या इंग्रजाने 1870 मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाचं भाषांतर 'व्हॅम्पायर' असं केलं. ती चिडली. "आमचो वेतोबा रगात पिणा नाय, राखण करता." तिचं बरोबर आहे, त्या भाषांतराचा मलाही राग येतो. पण तिनेच लहानपणी सांगितलेला विक्रम मला आता वेगळा कळतो. खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ, आणि राजाला एकच अट: बोलायचं नाही. बोलला की वेताळ परत झाडावर. काकांचा 'बोललंस' मला तिथे पुन्हा ऐकू आला.

परवा रविवारी बांद्याकडच्या एका गावात खेळ होता. आख्यानात राक्षस येतो ती जागा आली. एरवी मी तिथे पेटी भरभरून वाजवतो, झांज-मृदंग तुटून पडतात. मी मृदंगवाल्याला डोळ्याने थांबवलं आणि पायही थांबवला. राक्षसाचं काम करणारा दादा पडद्याआडून निघाला तेव्हा फक्त पायातले चाळ वाजत होते. तो एक पाऊल टाकून थबकला, माझ्याकडे बघितलं. मी हात मांडीवर ठेवले. मग त्याने दुसरं पाऊल फार सावकाश टाकलं. पुढे खाली बसलेली एक पोरगी उठून आईच्या मांडीत शिरली. चहाच्या टपरीवरचा स्टोव्ह इथवर ऐकू येत होता. दादा मध्यावर आला, मान वर केली, तोंड उघडलं, आणि तेव्हा मी तिन्ही घाव एका दमात मारले.

पहाटे हंडी फुटली. टेम्पोत पेटारे चढवताना दादाने विचारलं, "प्रवेशाक सूर खंय गेल्लो रे?" मी म्हटलं, मुद्दाम ठेवला नव्हता. तो थोडा वेळ विचार करत राहिला. म्हणाला, "फुडल्या वेळाक आदी सांग. मी आनी हळू येतंय."

'नोस्फेराटू'तला काउंट उन्हाने विरून जातो, आधी कोंबडा आरवतो. स्टोकरच्या 1897 च्या कादंबरीतला दिवसाही फिरतो, उन्हाने मरणं या सिनेमानेच आणलं. आमच्या टेम्पोत त्या वेळी सगळे झोपले होते, अर्ध्या जणांच्या कानामागे रंग तसाच. मी जागा होतो. डोक्यात पुढच्या रविवारचा जिना चालला होता, या वेळी षड्ज अजून कुठे आधी सोडता येईल ते बघत होतो.