चव्वेचाळिसावा तास

गावाहून नागपूरला परतताना जाम गावच्या चौरस्त्यावर एसटी पंक्चर झाली तेव्हा सोमवारचे साडेनऊ वाजले होते. "उतरा बाप्पा, टाइम लागते," कंडक्टर म्हणाला. स्टेपनी काढली तर तीही बसलेली. लोक चहाच्या टपरीकडे गेले, मी घड्याळ बघत उभी. नागपूरच्या लॅबमध्ये 37 डिग्रीला, शनिवारी दुपारी चारला लावलेलं रक्ताचं कल्चर, म्हणजे नळ्यांत वाढत ठेवलेल्या रक्तपेशी, होतं आणि बारा वाजता त्याचा चव्वेचाळिसावा तास भरणार होता.

अँटिबायोटिक आपल्या डीएनएला इजा करतं का, हे आम्ही बशीतल्या, म्हणजे शरीराबाहेर बशीत-नळीत वाढवलेल्या, पेशींवर बघतो. रक्तातले लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, एरवी स्वस्थ पडून असतात. त्यांना विभागायला लावणारं पीएचए नावाचं प्रथिन राजम्याच्या दाण्यातून काढतात. 44व्या तासाला सायटोकॅलासिन-बी हे रसायन घालायचं, म्हणजे केंद्रकाचे दोन होतात पण पेशी काही दुभंगत नाही. औषधाने गुणसूत्र तोडलं असेल तर तो तुकडा मागे राहून त्याचं वेगळं इवलंसं केंद्रक बनतं. गिम्सा नावाच्या रंगाने रंगवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं ते असं: एका पिशवीत दोन जांभळं, शेजारी ज्वारीचा दाणा. दाणा रुंदीला जांभळाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा असला तर मोजायचा नाही. अशा 2000 पेशी, दर डोसला. स्लाइडवर औषधाचं नाव नसतं, नुसता नंबर, कारण नाव माहीत असलं की नको तिथे दाणे दिसायला लागतात. तिसऱ्या स्लाइडनंतर मान मोडते ती वेगळीच.

आदल्या दिवशी बाबांना हेच समजावत होते. त्यांना जुलाब झाले होते म्हणून गावातल्या मेडिकलवाल्याने सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चार गोळ्या दिल्या, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. दोन खाऊन पोट थांबलं, उरलेल्या दोन कोनाड्यात, काडेपेटीखाली.

"पण जीवजंतूवरच पाहून घ्या ना. मानसाचं रक्त कायले?"

बरोबर विचारलं. औषधं तपासायची नेहमीची पहिली पायरी, एम्स टेस्ट, साल्मोनेला जिवाणूंवरच होते. पण अँटिबायोटिक त्या जिवाणूंना मारूनच टाकतं, मग म्युटेशन, म्हणजे डीएनएतला बदल, मोजायचं कोणात?

बाबा हसले. "म्हंजे तननाशक मारून तनच मोजाले जाता."

मी हे वाक्य सेमिनारमध्ये वापरणार आहे.

"मंग ह्या गोळ्या फेकू का?"

इथे मला जपून बोलावं लागलं. सिप्रो जिवाणूंचं गायरेज, म्हणजे डीएनएचा पीळ सांभाळणारं एन्झाइम, अडवतं. त्याच्या नात्यातलं टोपोआयसोमरेज आपल्या पेशींतही असतं, म्हणून शंका घ्यायला जागा आहे. बशीतल्या आणि जिवाणूंवरच्या मिळून आठ चाचण्यांपैकी दोन पॉझिटिव्ह, म्हणजे इजा दाखवणाऱ्या, आल्याचं कंपनीच्याच माहितीपत्रकात छापलेलं असतं. जिवंत प्राण्यांवरच्या तीन मात्र निगेटिव्ह. 500 मिलिग्रॅमच्या गोळीने रक्तात मिलिलिटरमागे जास्तीत जास्त 2.4 मायक्रोग्रॅमच्या आसपास औषध चढतं, आम्ही बशीत त्याच्या कितीतरी पट ओततो. तेव्हा बशीत दाणे दिसले म्हणून बाबांच्या पोटात काही तुटलं असं नाही. मला घोर त्या उरलेल्या दोन गोळ्यांचा होता. पुढच्या खेपेला ताप आला की त्याच पोटात जाणार. मी त्या पर्समध्ये टाकल्या. आई म्हणाली, "पैसे देल्ले ना वो त्याचे."

पॉझिटिव्ह कंट्रोलला, म्हणजे हमखास इजा दाखवायला, आम्ही मायटोमायसिन-सी घालतो. तेही स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंपासून मिळालेलं अँटिबायोटिकच. डीएनएचे दोन धागे एकमेकांना असं शिवून टाकतं की आता कर्करोगाच्या पेशी मारायला वापरतात. हे मात्र बाबांना सांगितलं नाही.

दुसरी गाडी आली, लॅबला पोचेपर्यंत अडीच वाजले. साडेशेहेचाळीस तास. तोवर कित्येक पेशी विभागून मोकळ्या झालेल्या, त्यांची मोजणी धरण्यात अर्थ नव्हता. सगळ्या नळ्या ब्लीचमध्ये ओतल्या आणि रक्त देणाऱ्या मैत्रिणीची पुन्हा मनधरणी केली.

आता कल्चर सोमवारी चारला लावते. चव्वेचाळिसावा तास बुधवारी बाराला येतो.